राणीच्या बागेतलं म्युझियम ज्यांच्या नावाचं आहे, त्या भाऊ दाजींची परीक्षा पेशंटच्या खाटेपाशी झाली होती

भायखळ्याच्या राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघायला जातात. तिथंच शेजारी एक देखणं जुनं म्युझियम आहे. त्याच्या पाटीवर नाव आहे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. जुन्या मुंबईचे कुणी मोठे देणगीदार असतील, असं समजून बरेच जण पुढं जातात.

भाऊ दाजींवर जे काही लिहिलं जातं, त्यात शिलालेख, जुनी नाणी, मुलींच्या शाळा, बॉम्बे असोसिएशन हे सगळं असतं. नावाच्या आधीचं ते डॉ. मात्र सहसा कुणी उलगडून सांगत नाही. खरं तर त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच होती. मुंबई इलाख्यात पाश्चात्य वैद्यकाचं पूर्ण शिक्षण घेऊन पदवी मिळवणाऱ्या पहिल्या ८ जणांपैकी ते एक होते. या ८ जणांना जोखताना त्यांना किती पुस्तकं पाठ आहेत, एवढंच बघितलं जाणार नव्हतं.

मातीच्या बाहुल्या, बुद्धिबळ आणि मुंबई

भाऊ दाजींचं मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या मांद्रे गावचा, साल साधारण १८२२. वडील विठ्ठल यांना लोक दाजी म्हणायचे. ते मातीच्या बाहुल्या विकून घर चालवत. म्हणजे घरची परिस्थिती बेताचीच. पोरगं मात्र बुद्धिबळात भल्याभल्यांना हरवायचं. त्याचा खेळ बघून एका इंग्रज माणसानं वडिलांच्या गळी उतरवलं की या मुलाला इंग्रजी शिकवाच. त्यामुळं भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि पुढं तिथंच शिक्षक म्हणून लागले. कच्छ-काठियावाडातल्या बालहत्येवर लिहिलेल्या निबंधाला त्यांना बक्षीसही मिळालं.

हातात चांगली नोकरी होती, नाव होत होतं. अशा वेळी १८४५ साली त्यांनी पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं, तेही अशा कॉलेजात, ज्याची अजून एकही बॅच बाहेर पडली नव्हती.

आधीची शाळा का बुडाली?

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आधीही मुंबईत एक प्रयत्न झाला होता. १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली वैद्यकाची एक शाळा निघाली. मराठीतून शिकवायचं म्हणून इंग्रजी ग्रंथांची भाषांतरं केली गेली. पण १८३२ मध्ये सरकारनं ती शाळा बंद केली. एतद्देशीय मुलं चांगले डॉक्टर होऊ शकत नाहीत, असं म्हणायला अनेकांना आयतं निमित्त मिळालं.

पुढं रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर झाले. त्यांनी मेडिकल कॉलेजचा विषय लावून धरला, पण १८३८ मध्ये ते वारले. त्यांच्या आठवणीसाठी मुंबईकरांनी वर्गणी गोळा केली आणि त्यातून कॉलेज उभं राहिलं. शेजारी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख रुपये देऊन हॉस्पिटल उभं करायला घेतलं. आज ज्याला सगळा महाराष्ट्र जे. जे. म्हणून ओळखतो, ते हेच. १८४५ मध्ये हॉस्पिटल आणि कॉलेज दोन्ही सुरू झाले.

कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच आवारात असणं आज साधी गोष्ट वाटते. त्या काळी सगळा फरक याच एका गोष्टीनं पडला.

मोरहेड साहेबांची पद्धत

कॉलेजचे पहिले प्रमुख होते चार्ल्स मोरहेड. एडिंबरोला शिकलेले, नंतर पॅरिसला पिएर लुई यांच्याकडे धडे घेतलेले. लुई हे त्या काळातलं मोठं प्रकरण होतं. पेशंटच्या खाटेपाशी बसा, दिसेल ते रोजच्या रोज लिहून ठेवा, मोजा, आणि मगच मत बनवा, अशी त्यांची शिस्त होती. मोरहेड १८२९ मध्ये मुंबई इलाख्यात आले, ते ही शिस्त घेऊनच. सोबतीला शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया शिकवायला जॉन पीट आणि रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्रासाठी हर्बर्ट जिरॉड होते. सुरुवातीला एवढेच ३ प्राध्यापक.

मोरहेड यांच्या पद्धतीत विद्यार्थ्याकडे जे. जे.मधले ठराविक पेशंट सोपवले जायचे. त्यानं पेशंटची हकिकत विचारायची, तपासायचं, वहीत लिहायचं, रोज काय बदललं ते नोंदवायचं आणि राउंडला प्राध्यापकांसमोर सांगायचं. वर्गात हुशार असलेला मुलगा पेशंटसमोर गोंधळतो का, हे तिथंच उघडं पडायचं. अंतिम परीक्षेतही खऱ्या पेशंटला तपासून दाखवावं लागे, आणि परीक्षा घ्यायला कॉलेजबाहेरचे डॉक्टर असत.

आता हे चित्र डोळ्यासमोर आणा. वॉर्डात कोण आहे? कोकणातून आलेला हमाल, गुजराती बोलणारा पारशी कारागीर, बंदरावरचा खलाशी, आजारी पडलेला फकीर. प्रत्येकाची भाषा वेगळी, दुखणं सांगायची तऱ्हा वेगळी. पोटात आग पडते, अंगात कसर आहे, डोकं गरगरतं, या शब्दांचं वैद्यकाच्या पुस्तकात काहीच नव्हतं. इंग्रज प्रोफेसरला दुभाषा लागायचा. भाऊ दाजींसारख्याला मराठी आणि गुजराती दोन्ही यायच्या, त्यामुळं पेशंटचं बोलणं थेट कानावर पडायचं. हा फायदा कुठल्याही गुणपत्रिकेत लिहिलेला नसतो, पण निदान त्याच्यावरच ठरतं.

आज याला काय म्हणतात?

डॉक्टरच्या कामाचे ढोबळमानानं दोन भाग पडतात. टाके घालणं, सलाईन लावणं, रिपोर्ट वाचणं हे तांत्रिक. पेशंटचं नीट ऐकणं, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं, नर्सचं म्हणणं मनावर घेणं, गडबडीत निर्णय घेणं, आणि आपल्याला जमत नाहीये हे ओळखून वेळेत सिनियरला फोन करणं, हा दुसरा भाग. याला नॉन-टेक्निकल स्किल्स म्हणतात. लोक सॉफ्ट स्किल्स म्हणून मोकळे होतात, पण यात सॉफ्ट काही नाही. यात चूक झाली तर माणूस जातो.

२००० नंतर स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाच्या मंडळींनी हे मोजायच्या पद्धती तयार केल्या. आधी भूलतज्ज्ञांसाठी, मग सर्जनसाठी. सर्जनसाठीच्या पद्धतीत ४ गोष्टी बघतात : आजूबाजूला काय चाललंय याचं भान, निर्णय, संवाद आणि टीमवर्क, आणि नेतृत्व. दुसरी एक पद्धत मिनी-सेक्स नावानं चालते (नावावर जाऊ नका, ते एका इंग्रजी नावाचं लघुरूप आहे). यात शिकाऊ डॉक्टर पेशंटला तपासत असताना सिनियर १५-२० मिनिटं शेजारी गप्प उभा राहून बघतो आणि नंतर लगेच सांगतो, काय जमलं आणि काय राहिलं. मोरहेड आजच्या वॉर्डात आले असते, तर त्यांना यात नवं फारसं काही वाटलं नसतं.

भारतात २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे, आणि केलेल्या कामाची लॉगबुकमध्ये नोंद करावी लागते. कागदावर छान आहे. शेवटच्या आठवड्यात लॉगबुक एकदम भरून सह्या घेतल्याचे किस्से मात्र कुठल्याही मेडिकल हॉस्टेलवर ऐकायला मिळतात.

हे सगळं किती गरजेचं आहे, ते बघायला मुंबईपासून फार लांब जायला नको. लोकल पकडून पालघर, बोईसरला उतरायचं. तारापूर एमआयडीसीत केमिकलनं भाजलेला कामगार ओडिशाचा किंवा बिहारचा असतो. सातपाटीची कोळीण मांगेली वळणाचं मराठी बोलते. विक्रमगड, जव्हारकडून आलेली बाई वारलीत बोलते, आणि बऱ्याचदा दुखणं स्वतः न सांगता सोबतच्या माणसाला सांगू देते. तिथं ड्युटीवर असलेला २३ वर्षांचा इंटर्न पुस्तकात कितीही पक्का असो, या तिघांशी त्याला बोलता आलं नाही तर तो निम्माच डॉक्टर. आणि पेशंटला पुढं मुंबईला पाठवायचं की इथंच ठेवायचं, हा निर्णय कधी कधी रात्री २ वाजता त्याच्यासमोर येतो. सिनियरला उठवायचं की नाही, हे कुठल्या पेपरात विचारत नाहीत.

१८५१ : ८ नावं

ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली बॅच १८५१ मध्ये बाहेर पडली. भाऊ दाजींसोबत होते आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, सेबॅस्टियन कार्व्हालो, लिस्बोआ, पॉल फ्रान्सिस गोम्स, मेरवानजी सोराबजी आणि बर्जोरजी दोराबजी. नावं वाचली तरी मुंबई कशी होती ते कळतं. हिंदू, पारशी, ख्रिस्ती, सगळे एकाच टेबलावर शवविच्छेदन शिकले. त्यातले आत्माराम पांडुरंग पुढं प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले, तर लिस्बोआ वनस्पतींचे मोठे अभ्यासक.

इथंच या गोष्टीतली खरी मेख आहे. परीक्षा पास झाले, पदवी मिळाली, पण सरकारी नोकरीत या पदवीधरांना जागा कुठली? सब-असिस्टंट सर्जन. म्हणजे नावातच दोनदा खाली. वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसवाल्या गोऱ्या डॉक्टरांच्या. १८५५ पासून त्या सर्व्हिसची परीक्षा भारतीयांना खुली झाली खरी, पण ती लंडनला जाऊन द्यायची. समुद्र ओलांडायचा खर्च आणि जातीचा बहिष्कार, दोन्ही सोसायची तयारी हवी.

वरची जागा न देण्यामागं कारण काय असायचं? एतद्देशीय माणसाला पुस्तकी ज्ञान असेल, पण त्याच्याकडं धडाडी, स्वतंत्र निर्णयशक्ती, चारित्र्य हे गुण कमी, असा तेव्हाच्या गोऱ्या अधिकारी वर्गात पसरलेला समज होता. नीट बघितलं तर ही सगळी नॉन-टेक्निकल कौशल्यंच आहेत. शरीरशास्त्राच्या पेपरात मार्क कापायला चूक दाखवावी लागते. निर्णयशक्ती कमी आहे म्हणायला मात्र काहीच दाखवावं लागत नाही.

आजही या मूल्यमापनाची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. बघणारा कोण आहे, त्याला समोरच्याची भाषा, जात, गाव, बाई असणं, इंग्रजीतला उच्चार खटकतो का, यावर गुण बदलू शकतात. म्हणून एकाच सिनियरनं एकदाच बघून शिक्का मारू नये, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पेशंटसोबत अनेकदा बघावं, नर्सचं मतही घ्यावं, असं या विषयातले जाणकार सांगतात.

मोरहेड यांच्याबद्दल एवढं मान्य करावं लागतं की त्यांनी आपल्या पोरांना परीक्षेनंतर वाऱ्यावर सोडलं नाही. पदवीधरांनी एकत्र येऊन आपापल्या केसेस मांडाव्यात म्हणून ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी निघाली. पदवी घेतल्यावरही एकमेकांचं काम तपासत राहायचं, अशी ती कल्पना.

प्रॅक्टिस, धर्मार्थ दवाखाना आणि एक गाजलेला खटला

भाऊ दाजी सरकारी नोकरीत रमले नाहीत. त्यांनी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आणि ती धो धो चालली. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजमधूनच डॉक्टर झाले (नारायणराव मुंबईतल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकीही एक, पण ती वेगळी गोष्ट). दोघा भावांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. जोडीला १८५२ मध्ये निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचं चिटणीसपद आणि बोर्ड ऑफ एज्युकेशन, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये नाव, मुलींच्या शाळांसाठी धडपड. दिवसाचे तास २४च होते, हे लक्षात घेतलं तर थक्क व्हायला होतं.

डॉक्टर म्हणून त्यांची खरी कसोटी लागली १८६२ मध्ये. २०२४ साली आलेला महाराज हा सिनेमा ज्यांनी बघितलाय, त्यांना हा खटला माहीत असेल. पत्रकार करसनदास मुळजी यांनी वैष्णव संप्रदायातल्या महाराजांच्या गैरवर्तनावर लिहिलं, आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. या खटल्यात भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले. विषय होता गुप्तरोगाचा, आणि बोलायचं होतं ज्यांच्यावर उपचार केले त्यांच्याबद्दल.

आता सांगा, डॉक्टरनं पेशंटचा आजार चारचौघांत सांगायचा का? शिकाऊ डॉक्टरला आज विचारतात तसला हा प्रश्न आहे. इंग्लंडच्या कायद्यात १७७६ च्या डचेस ऑफ किंग्स्टनच्या खटल्यापासून ठरून गेलं होतं की कोर्टानं विचारलं, तर डॉक्टरला गप्प बसायची मुभा नाही. आजचे भारतातले २००२ चे नियमही साधारण तेच म्हणतात : पेशंटचं गुपित राखायचं, अपवाद कोर्टाचा आदेश, कुणाला असलेला गंभीर धोका, किंवा सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार. भाऊ दाजींनी कोर्टात जे सांगितलं ते संप्रदायाच्या श्रीमंत भाटिया आणि बनिया व्यापाऱ्यांना रुचणारं नव्हतं, आणि मुंबईतली मोठी प्रॅक्टिस अशाच व्यापारी घरांवर चालायची. तरी त्यांनी साक्ष दिली. निकाल मुख्य मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूनं लागला.

जिथं ते कमी पडले

भाऊ दाजींनी आयुर्वेदाचे संस्कृत ग्रंथ वाचून त्यातली औषधं पेशंटवर वापरून पाहिली. त्यांचा सगळ्यात मोठा ध्यास होता कुष्ठरोग. कडू कवठाच्या जातीच्या झाडाच्या बियांचं तेल त्यांनी यासाठी वापरलं आणि गुण येतो असं त्यांना दिसलं. या कुळातल्या झाडांचं तेल पुढं जगभर कुष्ठरोगावर वापरलं गेलं, १९४० च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत. म्हणजे त्यांची दिशा काळाच्या पुढं होती.

पण हे औषध नेमकं काय आहे, ते त्यांनी बराच काळ उघड केलं नाही. पूर्ण खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. तरी मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यांच्यावर टीका केली, आणि ती चुकीची म्हणता येत नाही. औषध गुप्त असेल तर दुसरा डॉक्टर ते तपासणार कसं, आणि चूक दाखवणार कशी? ज्या माणसाचं शिक्षण रोजची वही प्राध्यापकांसमोर उघडी करण्यात गेलं, त्यानंच स्वतःच्या सगळ्यात महत्त्वाच्या कामाची वही बंद ठेवली. आज गुप्त औषधं विकणं किंवा त्यांचा प्रचार करणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही, ते याच कारणानं.

१८६५ मध्ये आणखी एक फटका बसला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजार आपटला. त्यात अर्ध्या मुंबईचे पैसे बुडाले, भाऊ दाजींचेही. त्यानंतरही १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. पण तब्येत साथ देईना. अर्धांगवायूनं त्यांना गाठलं आणि ३१ मे १८७४ रोजी ते गेले. आदल्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता.

म्युझियम उभं करणाऱ्या समितीत भाऊ दाजींनी काम केलं होतं. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून खुलं झालं आणि १९७५ मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं.

त्यांच्या हाताखाली शिकलेला एक माणूस मात्र पालघर जिल्ह्याशी कायमचा जोडला गेलाय. जुनागढचे भगवानलाल इंद्रजी १८६० च्या दशकात मुंबईला आले आणि भाऊ दाजींसाठी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेऊ लागले. अक्षर जसं दिसतं तसंच उतरवायचं, अंदाजानं भरायचं नाही, हे काम ते वर्षानुवर्षं करत राहिले. भाऊ दाजी गेल्यावर ८ वर्षांनी, एप्रिल १८८२ मध्ये, याच भगवानलालांनी नालासोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला. आतून बौद्ध स्तूप निघाला, आणि त्याच्या पोटात अवशेषांची दगडी पेटी.